गावाचा पर्यटन आराखडा करताय? आधी विहीर मोजा, खोल्या शेवटी बांधा

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधलं, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातलं, चिमूर तालुक्यातलं आमचं गाव. पहाटे गेटकडे जाणाऱ्या जिप्स्या आमच्याच चौकातून जातात. पूर्वी त्या धूळ उडवत निघून जायच्या, गावात थांबायचं कोणाला कारणच नव्हतं. मग कोणी चहाची टपरी टाकली, कोणी मागच्या आवारात दोन खोल्या काढल्या, एका शेताला बाहेरच्या माणसाचं तारेचं कुंपण पडलं. त्यावरून ग्रामसभेत जोरदार भांडण झालं. त्या भांडणातूनच ठरलं की पुढच्या दहा वर्षांत गावात पर्यटन किती आणि कसं असेल, ते आपणच बसून लिहून काढायचं. बचत गटाची सचिव म्हणून मी या कामात पहिल्या बैठकीपासून आहे.

आराखडा पुरा करायला आम्हाला तीन वर्षं लागली. त्यातलं निम्मं चुका निस्तरण्यात गेलं. आता पेंचकडून, नागझिऱ्याकडून, मेळघाटातून ओळखीच्या बाया फोन करतात आणि विचारतात, "ताई, सुरुवात कुठून करायची?" दर वेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. तुमचं गाव जंगलाकाठी नसून मार्कंड्यासारख्या देवस्थानाजवळ किंवा लोणार सरोवराजवळ असलं, तरी यातल्या बहुतेक पायऱ्या तुम्हालाही लागू पडतील.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. पर्यटन आराखडा म्हटलं की लोक खोल्यांचा नकाशा काढायला बसतात. आम्हीही तेच केलं. खरं तर आराखड्यात तीन प्रश्नांची लेखी उत्तरं हवीत: वर्षाच्या कोणत्या महिन्यात गावाला किती पाहुणे झेपतात, पाहुण्यांचा पैसा कोणाकोणाच्या हाती जातो, आणि कशाला आपण नाही म्हणणार. ही उत्तरं मिळाली की खोल्या किती हव्यात ते आपोआप कळतं.

आधी हे जमवा

- गावाचा गटवार नकाशा (तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून)
- ज्या ज्या जागेचा विचार आहे तिचा ताजा सातबारा आणि आठ-अ; गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८
- निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या सामायिक जागा आणि रूढ हक्क यांच्या नोंदी) यांच्या नकला
- सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा कायदेशीर हक्क) मिळाला असेल तर त्याचं अधिकारपत्र
- चालू वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा
- गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती किंवा ग्राम परिस्थितिकीय विकास समिती असेल तर तिचं ठराव-पुस्तक आणि बँक पासबुक
- वीस हात दोरी, मोजायची टेप, दोनशे पानी वही, भिंतीवरचं मोठं कॅलेंडर

कॅलेंडर आणि दोरी लोकांना किरकोळ वाटते. आमच्या आराखड्यातले सगळ्यात मोठे निर्णय याच दोन वस्तूंवर झाले.

## १. गावाचं वर्ष कॅलेंडरवर मांडा

शाळेच्या खोलीत कॅलेंडर टांगा आणि दोन रंगांचे खडू घ्या. एका रंगाने गावाची कामं लिहा. आमच्याकडची अशी: जुलै-ऑगस्ट धानाचा रोवणा, ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन आणि मग धानाची कापणी, दिवाळीनंतर मंडई (म्हणजे गावची जत्रा), हिवाळाभर कापूस वेचणी, माघात चिमूरची घोडा यात्रा, मार्च-एप्रिल मोहफुलं, आणि एप्रिल सरता सरता तेंदूपत्ता.

दुसऱ्या रंगाने पाहुण्यांचं वर्ष लिहा. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो आणि हंगामातही मंगळवारी बंद असतो. दिवाळीच्या सुट्ट्या, नाताळ, होळीची जोडसुट्टी आणि मे महिना यांत गर्दी उसळते. उन्हाळ्यात जंगलातले झरे आटतात, वाघ पाणवठ्यावर येतो आणि दिसायची शक्यता वाढते. म्हणून चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हातही लोक येतात.

आता दोन्ही रंग एकमेकांवर कुठे चढतात ते बघा. आमच्याकडे दोन ठिकाणी चढले. पहिलं दिवाळीत. तेव्हा घरातली सगळी माणसं धानाच्या बांधीत असतात आणि पाहुण्याला चहा द्यायला घरी म्हातारी तेवढी उरते. दुसरं आणि फार अवघड म्हणजे मे महिना. तेंदूपत्त्याचे ते दहा-पंधरा दिवस म्हणजे घराला वर्षभरातली रोख कमाई. बाई पहाटे अंधारात निघते, दुपारपर्यंत पानं घेऊन येते, सपरीत बसून पुडे बांधते आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या ठिकाणी, मोजून देते. तिला "पाहुणे आलेत, पोळ्या टाक" म्हणायचा हक्क कोणालाच नाही. आम्ही ठरवलं की त्या पंधरवड्यात गटाचं स्वयंपाकघर बंद. बुकिंग घेतानाच तसं सांगतो. काही जण दुसरीकडे जातात, जाऊ देत.

याच दिवसांत जंगलात माणसावर हल्ले होतात, कारण मोह आणि तेंदू वेचणारी बाई वाकून, खाली बसून काम करते. तुमच्या जिप्सीच्या आणि पायवाटांच्या वेळा ठरवताना गावच्या बाया कोणत्या बाजूला वेचायला जातात ते नकाशावर आखा. पाहुण्यांच्या गाड्यांमुळे बिचकलेलं जनावर त्यांच्या दिशेने वळता कामा नये.

## २. मे महिन्यात विहीर मोजा

पाहुण्यांची संख्या डिसेंबरातल्या भरल्या विहिरीवरून ठरवू नका. मे महिन्याचा तिसरा आठवडा निवडा.

पद्धत सोपी आहे. दोरीला दगड बांधा आणि दर हाताला गाठ मारा. संध्याकाळी शेवटची घागर निघाली की पाणी कोणत्या गाठीवर आहे ते लिहा. पहाटे पहिली घागर पडायच्या आधी पुन्हा मोजा. रात्रभरात पाणी किती चढलं ते टेपने मोजून काढा. असं सात दिवस करा आणि सगळ्यात कमी आकडा धरा.

आमची विहीर ३ मीटर व्यासाची आहे. तेवढ्या विहिरीत पाणी १ मीटर चढलं म्हणजे ७,००० लिटरच्या थोडं वर. आमच्या सात रात्रींतला सगळ्यात कमी चढ ६० सेंटिमीटर निघाला, म्हणजे ४,२०० लिटर. त्या विहिरीवर ६० माणसं अवलंबून. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. ६० माणसांचे ३,३०० झाले. उरले ९०० लिटर. शहरचा पाहुणा आंघोळ, संडास, स्वयंपाक आणि चादरी धुणं मिळून किती पाणी घेतो ते आम्ही टाकी लावून मोजलं होतं. दिवसाला १५० लिटर निघालं. म्हणजे मे महिन्यात आमच्या त्या टोलीला (वस्तीला) सहा पाहुणे झेपतात. त्या वेळी आम्ही चौदा जणांचं बुकिंग घ्यायला निघालो होतो.

दिवसाही झरा चालतो, मग ते पाणी का धरलं नाही, असं आमच्या सरपंचांनी विचारलं. उन्हाळ्यात ते गुरांना लागतं, म्हणून तुम्हीही धरू नका. बोअर मारून संख्या वाढवायचा मोह होईल. शेजारच्या गावात एका मोठ्या मुक्कामाच्या ठिकाणी खोल बोअर झाल्यावर खालच्या आळीची विहीर एप्रिलमध्येच तळाला गेली. त्या आळीतल्या बायांना पर्यटन हा शब्द नकोसा झालाय, आणि त्यांचं बरोबर आहे.

असाच हिशेब कचऱ्याचा करा: पाण्याच्या बाटल्या किती येतात, त्या कोण उचलतं, कुठे जातात. आम्ही पाहुण्याला तांब्याभर माठाचं पाणी आणि सोबत न्यायला स्टीलची बाटली देतो. बाटलीचा कचरा निम्म्याहून खाली आला.

## ३. जागेचा कागद वाचल्याशिवाय एक बल्लीही रोवू नका

इथे आम्हाला सगळ्यात महागात पडलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तलावाच्या पाळीमागे उतारावर मोकळी जागा होती. पिढ्यान् पिढ्या तिथे गावची गुरं चरतात. सगळे तिला "गावाची जागा" म्हणतात. एका ओळखीच्या सल्लागाराने सांगितलं, ग्रामपंचायतीचीच आहे, बिनधास्त बांधा. बचत गटाचे ८०,००० रुपये घालून आम्ही बांबू-मातीच्या दोन झोपड्या उभ्या केल्या. पांढऱ्या मातीने सारवल्या, बायांनी भिंतीवर मोर काढले. दोन महिन्यांनी नोटीस आली. सातबारा काढून बघितला तर त्यावर शब्द होते: झुडपी जंगल. झोपड्या आम्हीच आमच्या हातांनी उतरवल्या. बांबू परत वापरता आला, बायांची मजुरी गेली.

झुडपी जंगल ही पूर्व विदर्भातल्या महसुली कागदांतली जुनी नोंद आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशा जमिनी जागोजाग आहेत. डोळ्यांना ती पडीक दिसते, झाड एखादं. पण सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात ही जमीन वनच धरायची असं स्पष्ट केलं. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेल्या वाटपांचा विचार वेगळा होतो, त्यालाही ठरलेली प्रक्रिया आहे. नव्याने तुम्ही तिथे काही उभारायला गेलात तर केंद्राच्या वन कायद्याची परवानगी लागते. थोडक्यात, गावाच्या आराखड्यासाठी ती जागा नाहीच असं समजा.

सातबारा हातात आला की हे शोधा:

- झुडपी जंगल, राखीव वन, संरक्षित वन: तिथेच थांबा.
- भोगवटादार वर्ग २: विकायला, भाड्याने द्यायला किंवा वापर बदलायला परवानगी लागते. मालक "माझीच आहे" म्हणतो आणि ते खरंही असतं, पण अट कागदावर असते.
- आदिवासी खातेदाराची जमीन: बिगर-आदिवासीला हस्तांतर किंवा भाडेपट्टा परवानगीशिवाय होत नाही. नावावर एक, पैसा दुसऱ्याचा असा व्यवहार कोणी सुचवला तर त्याला बैठकीतून उठवा.
- निस्तार: गुरचरण, स्मशान, सरण, मुरमाची जागा. सातबाऱ्यावर नसलं तरी निस्तार पत्रकात असतं, म्हणून ते सोबत ठेवा.

तलाव असेल तर आणखी एक पायरी. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीत हजारो मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या काळच्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातले. मालगुजारी संपल्यावर तलाव सरकारकडे आले, तरी त्यांच्या पाण्यावर धान करणाऱ्यांचा हक्क आहे आणि मासेमारी बहुतेक ठिकाणी ढीवर बांधवांच्या सहकारी संस्थेकडे असते. नाव चालवायची, पाळीवर मचाण बांधायचं, तर पहिली बैठक त्यांच्याशी करा. आमच्या तलावावर नाव चालवायचं काम त्यांच्याच मुलांकडे आहे. जाळं कुठे टाकलंय ते त्यांना ठाऊक असतं, आणि पाण्यावर पाहुण्याची खरी काळजी तेच घेऊ शकतात.

शेतात खोल्या काढायच्या असतील तर अकृषक परवानगी लागते की नाही, बफरमध्ये किंवा पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात कोणत्या अटी आहेत, हे तहसील आणि वनविभागात लेखी विचारा आणि पोच घ्या. तोंडी "हो" वर वीट ठेवू नका.

## ४. वाघ दिसला नाही तर पाहुणा काय बघेल?

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, राज्यातलं सगळ्यात जुनं. अंधारी अभयारण्याशी जोडून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. नाव मोठं आहे, पण नावावर येणारा पाहुणा एका वाघासाठी येतो आणि दोन सफारीत वाघ दिसला नाही की तोंड पाडून परत जातो. शिवाय ३ महिने कोअर बंद. सगळं गाव एकाच जनावराच्या भरवशावर उभं करणं मला धोक्याचं वाटतं.

म्हणून यादी करा, पण कार्यालयात बसून नाही. दोन म्हातारे, दोन शाळकरी मुली आणि रोज जंगलात जाणारा एक जण, अशी टोळी घेऊन शिवारभर फिरा. आमच्या टोळीला जे सापडलं त्यातलं थोडं सांगते.

डिसेंबरातली पहाट. तलावावर धुकं इतकं खाली असतं की पलीकडची पाळ दिसत नाही. आधी चक्रवाकांचा आवाज येतो, मग पाण्यावर तांबूस ठिपके दिसायला लागतात. एक आजी म्हणाल्या, "हे त दर वर्षी येतेत, यात पाह्यचं काय?" पुण्याहून आलेली एक बाई मात्र तिथे तीन तास बसली होती. आपल्याला सवयीचं झालेलं आपल्याला दिसत नाही, म्हणून टोळीत एखादी माहेराला आलेली लेक किंवा नवी सून घ्या.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, मंडया भरतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या रंगभूमीचं केंद्र. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, शेकडो माणसं घोंगड्या पांघरून बसलेली. आपल्या किंवा शेजारच्या गावात प्रयोग असेल तर पाहुण्याला तिकीट काढून, गावकऱ्यांमध्ये बसवून दाखवा. त्याच्यासाठी वेगळा छोटा खेळ लावायला सांगू नका.

बंद हंगामासाठी आम्हाला आमचाच इतिहास उपयोगी पडला. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूरने इंग्रज सरकारविरुद्ध उठाव केला. दर वर्षी त्या दिवशी चिमुरात हुतात्म्यांना अभिवादन होतं. ते दिवस शेतात रोवण्याचेही असतात. रानात काटवलं, तरोट्याची कोवळी पानं आलेली असतात. वाघ नसलेल्या ऑगस्टसाठी आम्ही तीन दिवसांचा मुक्काम आखला: एक दिवस चिमूर, एक दिवस बांधीत, एक दिवस रानभाज्या. शाळांच्या सहली यायला लागल्यात.

रात्रीचं आकाशही लिहा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' असा मान मिळाला. त्यांनी दिव्यांना झाकणं घातली, उजेड जमिनीकडे वळवला. आम्ही ते बघून आमच्या चौकातला पांढरा हायमास्ट मागायचा विचार सोडला. साध्या टोप्या घातलेले पिवळे दिवे लावले.

जेवणाबद्दल एकच सांगते: पनीर विकत आणू नका. जवसाची चटणी, तांदळाची भाकर, गोळाभात, हिवाळ्यात सांबारवडी हे आपल्या बायांना डोळे मिटून येतं. शहरच्या पाहुण्याला आधी सांगा की आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, नाहीतर तो वडीसोबत इडलीची वाट बघतो.

आणि याच पायरीवर "हे दाखवणार नाही" अशी दुसरी यादी करा. आमच्या यादीत देवघर, मयत, आणि पाहुण्यांच्या फर्माइशीवर रेला हा आदिवासी नाच नाचणं आहे. गोंड-माना घरांनी ते स्वतः ठरवलं. लग्नात, सणात पाहुणा असला तर त्यानेही नाचावं.

## ५. महिला सभा, मग ग्रामसभा

वर्षातून चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. बऱ्याच गावांत ती फक्त रजिस्टरात होते. तुम्ही ती खरी घ्या, कारण पर्यटनाचं आठ आणे काम बायांच्या अंगावर पडतं. आमच्या महिला सभेतून तीन अटी आल्या: तेंदूपत्त्यात स्वयंपाकघर बंद, पाहुण्यांना गावात दारूबंदी, आणि बाईच्या कामाचे पैसे बाईच्याच खात्यात. ग्रामसभेने तिन्ही जशाच्या तशा घेतल्या.

गणपूर्तीकडे लक्ष द्या: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. गणपूर्ती न होता झालेला ठराव पुढे कोणीही उलटवतो. ठरावात "पर्यटन विकास करण्यात यावा" असं मोघम लिहू नका. पाहुण्यांची कमाल संख्या, महिने, पैशाची वाटणी, बंदी असलेल्या गोष्टी हे सगळं आकड्यांसह लिहा. वाचून दाखवा आणि मगच सह्या घ्या.

गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर तुमचं पारडं जड आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये तो हक्क मिळवला आणि पुढे आपला बांबू आपण विकून दाखवला. शक्य असेल तर आराखड्याच्या आधी तुमच्या ग्रामसभेची चार माणसं तिथे जाऊन येऊ द्या. सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यायचा म्हणजे किती वेळ बसावं लागतं, ते तिथे कळतं.

## ६. कोणत्या दाराशी काय मागायचं

एकाच अर्जात सगळं मागितलं की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. आम्ही सात महिने असे घालवले. वेगवेगळं मागा.

ग्रामपंचायत विकास आराखडा. पुढच्या वर्षाचा आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास आकार घेतो. संडास, नाली, कचरा, दिवे, रस्त्यावरच्या पाट्या त्यातच घाला. तारीख हुकली की वर्ष गेलं.

'क' वर्ग पर्यटनस्थळ. तलाव, जुनं देऊळ, किल्ला असं ठिकाण असेल तर पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती हा दर्जा देते, आणि मग जिल्हा वार्षिक योजनेतून निधी मागता येतो. प्रस्तावात ठराव, जागेचे कागद आणि लोक येतात याचा पुरावा हवा. त्यासाठी आजपासूनच एका वहीत रोजचे पाहुणे लिहायला लागा. धोका असा की निधी आला की प्रवेशद्वार आणि सिमेंटची बाकं सुचवली जातात. तुम्हाला काय हवं ते ठरावातच लिहा.

वनविभाग. बफरमधल्या गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. ती गावच्या समितीमार्फत चालते. गाईडचं प्रशिक्षण, गॅस, सौर कुंपण यांची मागणी तिथे करा.

पर्यटन संचालनालय. नागपूर आणि अमरावतीला प्रादेशिक कार्यालयं आहेत. घरातल्या खोल्यांसाठी 'निवास व न्याहारी' नोंदणी, शेतासाठी २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखालची नोंदणी. महिला उद्योजकांसाठी २०२३ चं 'आई' धोरण आहे. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. आधी बँकेशी बोला. कर्ज मंजूर करणारी बँकच असते, आणि व्याज आधी आपण भरतो, परतावा मागून येतो. तेवढी गंगाजळी नसेल तर लहान कर्ज घ्या.

याशिवाय स्वयंपाकघरासाठी अन्न सुरक्षा नोंदणी, आणि परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद. ही दुसरी गोष्ट होम-स्टेवाले हमखास विसरतात.

## ७. पैशाची वाटणी पहिला पाहुणा यायच्या आधी लिहा

पैसा दिसायला लागला की मग बोलणं अवघड होतं. आमच्याकडे जेवणाचे सगळे पैसे स्वयंपाक करणाऱ्या गटाकडे जातात. राहण्याच्या दर १०० रुपयांतले ७५ त्या घराला, १५ गावनिधीला, १० सफाई आणि दुरुस्तीला. पाहुणे पाळीने जातात. चांगली खोली कोणाची म्हणून पाळी मोडायची नाही.

गावनिधीतून पहिलं काम कोणतं, यावर खूप वाद झाला. शेवटी जंगलाला लागून असलेल्या शेतांना कुंपण घातलं. त्या शेतकऱ्यांकडे एकही पाहुणा येत नाही आणि रानडुकरं मात्र रात्रीत हरभरा उपटून जातात. जंगल राखायचं ओझं ते वाहतात, तर जंगलाच्या पैशावर पहिला हक्क त्यांचा.

## ८. बाहेरचा गुंतवणूकदार आला तर

तो येईलच. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आणि मुंबईची माणसं एका दिवसात नागपूर गाठायला लागली. जमिनी बघणारे वाढले. त्यांना सरसकट नाही म्हणा असं मी सांगणार नाही. आमच्या चार अटी मात्र लेखी घ्या: पाण्याला मीटर आणि वरची मर्यादा, निम्म्याहून जास्त नोकऱ्या गावच्यांना, त्याही नुसत्या झाडू-पोछ्याच्या नकोत, कुंपणाने जनावरांची आणि गुरांची वाट अडवायची नाही, रात्री दहानंतर आवाज बंद. यावर जो खळखळ करतो तो पुढे काय करेल ते कळतं.

अजून न झालेल्या रस्त्याच्या भरवशावर मात्र आराखडा करू नका. आज जो रस्ता आहे त्याच्यावरच हिशेब मांडा.

## ९. आता खोल्या

नवीन बांधण्याआधी जुनी घरं बघा. आमच्या सहा घरांत मागची खोली धान्याची होती. धान्य कोठीत हलवलं, भिंती सारवल्या, खिडकीला जाळी आणि खोलीला चिकटून संडास-न्हाणी. एवढ्यात काम झालं. संडास खोलीला लागूनच हवा, कारण रात्री अंगणापलीकडे एकट्याने जायचं ठिकाण हे नाही. बिबट्या गावात कुत्र्यामागे येतो. पाहुण्याला पहिल्याच संध्याकाळी दारात उभं राहून हे सांगा: अंधार पडल्यावर घरच्या माणसाशिवाय आवाराबाहेर जायचं नाही. नुसत्या पाटीवर भागत नाही. घराच्या कर्त्या बाईने तोंडाने सांगितलं की लोक ऐकतात.

छपराचे कवेलू (मातीची कौलं) काढून टिन टाकू नका. मे महिन्यात टिनाखाली माणूस भाजून निघतो, आणि मग एसी मागतो.

## १०. दर वर्षी जुलैच्या पहिल्या मंगळवारी

कोअर १ जुलैला बंद झाला की गाईड, जिप्सीवाले, स्वयंपाकाचा गट सगळे मोकळे असतात आणि रोवणा अजून अंगावर आलेला नसतो. तेव्हा बैठक घ्या. तीन वह्या समोर ठेवा: पाहुण्यांची, पैशाची आणि मे महिन्यातली विहिरीची. विहिरीचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा खाली असेल तर पुढच्या मेचे पाहुणे त्याच बैठकीत कमी करा आणि ठरावात नवा आकडा लिहा. यंदा आमचा चढ ५२ सेंटिमीटर आला. सहाचे दोन केले.